पाणथळ जागा पुराचं नुकसान कमी करतात, हे पैशात मोजता येतं का?

हो, आणि मोजलंही गेलं आहे. २०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांनी सुमारे ६२.५ कोटी डॉलरचं नुकसान टाळलं, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पद्धत साधी आहे: संगणकावर तेच वादळ दोनदा आणायचं, एकदा पाणथळ जागा धरून, एकदा त्या वगळून. दोन्ही वेळच्या नुकसानीतला फरक म्हणजे त्यांची किंमत. मात्र दलदलीत अडलेलं पाणी फुगून काही ठिकाणी नुकसान वाढलंही, म्हणून जागा कुठे आहे याला फार महत्त्व आहे.

मला जास्त पटतं ते बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीचं उदाहरण. तिथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनीच हिशेब मांडला आणि धरण बांधण्याऐवजी वरच्या भागातली सुमारे ८,१०० एकर पाणथळ जमीन राखणं स्वस्त ठरवलं. काही जमीन विकत घेतली, काही जमिनीवर बांधकाम होऊ न देण्याचे हक्क घेतले. पावसाचं पाणी तिथे पसरतं आणि सावकाश नदीत उतरतं, त्यामुळे खालच्या शहराकडे लोंढा एकदम येत नाही.

आपल्याकडे खाजण बुजवताना जमिनीचा भाव लावतात, हा टळलेला खर्च कुणी धरत नाही. तो प्रकल्पाच्या हिशेबात आलाच पाहिजे.