आराखडा मंजूर झाला, आता काम कोण करणार?

प्रश्न: आमच्या शहराच्या मध्यवर्ती भागाचा पुनरुज्जीवन आराखडा मंजूर होऊन दीड वर्ष झालं. अहवाल देखणा आहे, जागेवर मात्र काहीच हललेलं नाही. अडतंय कुठे?

बहुधा प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या खात्याच्या वाट्याला आलेलं असतं आणि सगळ्याची जबाबदारी कुणावरच नसते. रस्ते खातं फरसबंदी करतं, मग जलवाहिनीसाठी तीच फरशी उखडली जाते. त्यामुळे बांधकामाआधी नेमणूक करा. पूर्णवेळ एक माणूस हवा. खात्यांची बैठक बोलावण्याचा अधिकार त्याला हवा आणि दुकानदारांशी त्याची रोजची ऊठबस हवी. अमेरिकेत १९७७ साली जुन्या बाजारपेठा सावरण्याच्या ‘मेन स्ट्रीट’ प्रकल्पाचा प्रयोग गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन छोट्या शहरांत झाला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी असा पगारी व्यवस्थापक नेमला होता. समिती हा त्याला पर्याय नाही. समितीला जाब विचारता येत नाही.

प्रश्न: मुख्य रस्ता वाहनमुक्त करायचं ठरलंय. व्यापारी म्हणतात, धंदा बसेल. खरं कुणाचं?

दोघांचंही खरं ठरलेलं आहे. कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा बाजाराचा रस्ता १९६२ मध्ये प्रयोग म्हणून वाहनांना बंद केला. तेव्हाही व्यापारी घाबरले होते, पण आज तिथे चालायला जागा पुरत नाही. उलट अमेरिकेतल्या कॅलामझू शहराने १९५९ मध्ये आणि फ्रेझ्नोने १९६४ मध्ये तेच केलं, पण गिऱ्हाईक उपनगरांकडे वळलं. कॅलामझूने १९९८ मध्ये रस्त्याचा काही भाग, तर फ्रेझ्नोने २०१७ मध्ये आपला रस्ता वाहनांना पुन्हा खुला केला. फरक फरशीत नव्हता. रस्त्याच्या आजूबाजूला राहणारी, शिकणारी, गाडीशिवाय येऊ शकणारी माणसं किती, यावर सगळं ठरतं. ती नसतील, तर गाड्या गेल्यावर रस्ता ओसच पडणार.

म्हणून आधी तात्पुरतं करून पाहा. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवेचा तुकडा रंग, पिंपं आणि स्वस्त घडीच्या खुर्च्या वापरून बंद केला आणि मोजणी करून पुढच्या वर्षी कायम केला. बंद करण्याआधीची पादचाऱ्यांची गणती आणि दुकानांच्या विक्रीची नोंद मात्र हाताशी ठेवा. ती नसेल, तर नंतरचा वाद नुसता आवाजावर चालतो.

प्रश्न: पैसा कुठून आणायचा?

दोन वाटा नेहमी सुचवल्या जातात. पहिलीत आजच्या मालमत्ता कराची पातळी गोठवायची, पुढे त्याहून जास्त येणारा कर त्याच भागासाठी राखायचा आणि त्या भरवशावर कर्ज काढायचं. कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये ही पद्धत आणली, पण ती वापरणाऱ्या तिथल्या पुनर्विकास संस्था २०१२ मध्ये बरखास्त झाल्या. राखून ठेवलेला कर शाळांच्या आणि इतर सेवांच्या वाट्याचाही असतो, हे त्यातलं दुखणं. शिवाय अपेक्षित वाढ झालीच नाही, तरी हप्ता चुकत नाही.

दुसरी वाट टोरांटोच्या ब्लोर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवली: त्या हद्दीतल्या सगळ्यांनी ठरलेली आकारणी भरायची आणि ती तिथेच खर्चायची. मला ही जास्त पटते. रक्कम लहान असली तरी दरवर्षी येते, आणि झाडलोट, दिवे, मोडकी बाकं यांना नेमकी तशीच लागते. बांधकामाला अनुदान मिळतं, झाडूला सहसा नाही.

प्रश्न: पार्किंगसाठी बहुमजली इमारत आधी बांधावी का?

नाही. आहेत त्या जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी किती भरतात ते आधी मोजा. दुकानासमोरची जागा बऱ्याचदा त्याच दुकानातले कर्मचारी अडवून बसलेले असतात.

प्रश्न: दुकानं चालू आहेत, पण वरचे मजले रिकामे. मालक लक्षच देत नाहीत.

मालकाला नुसती नोटीस पाठवून भागत नाही. वर जायला स्वतंत्र जिना नसतो, आगीच्या नियमांत इमारत बसत नाही आणि त्या दुरुस्तीचा खर्च भाड्यातून लवकर निघत नाही. तेव्हा दुकानांच्या दर्शनी सजावटीसाठीच्या अनुदानातला काही भाग जिना आणि सुटकेचा दुसरा मार्ग यांसाठी कमी व्याजाच्या कर्जाकडे वळवा. अग्निशमन आणि बांधकाम खात्याचे अधिकारी एकाच दिवशी, एकत्र पाहणीला न्या. एकाने मान्य केलेला जिना दुसऱ्याने नाकारला, की मालक पुन्हा तुमच्या दारात येत नाही.