रोमला पहिल्यांदाच जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या दोन अंकांपासून परदेशवारीच्या या सदरात रोमबद्दलची पत्रे सर्वांत जास्त येत आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाचांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न (मानेवाडा): मे महिन्यात आम्ही दोघे आणि कॉलेजात जाणारी मुलगी असे तिघे इटलीला जायचे म्हणतो. हातात दहा दिवस आहेत. एका सहल कंपनीने नऊ दिवसांत सहा शहरे दाखवतो असे सांगितले आहे. मुलगी म्हणते, रोमच नीट बघू. एकट्या रोमला किती दिवस लागतात?

उत्तर: मुलीचे ऐका. रोमला किमान चार रात्री द्या, पाच दिल्या तर उत्तम. उरलेल्या दिवसांत फ्लॉरेन्स हे एकच शहर जोडा. वेगवान रेल्वेने ते दीड तासाच्या आसपास आहे. सहा शहरांच्या कार्यक्रमात अर्धा वेळ बसमध्ये आणि सामान चढवण्या-उतरवण्यात जातो. कोलोसियम बाहेरून दाखवले जाते, फोटो होतो आणि बस पुढे निघते. एवढा पैसा आणि एवढी रजा खर्चून आत जायचे नाही, हे आम्हाला पटत नाही.

चार रात्रींची मांडणी अशी करा. पोहोचाल त्या दिवशी तिकिटाची कोणतीच वेळ बांधू नका. संध्याकाळी पँथिऑन, पियात्सा नवोना आणि त्रेवीचे कारंजे पायीच बघा, ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. पँथिऑनच्या आत जायचे तर ते दुसऱ्या एखाद्या दिवशी उघडे असताना जा, तिकीट ५ युरो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलोसियम आणि त्याला लागून असलेले रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, तिसऱ्या दिवशी व्हॅटिकन. चौथा दिवस बोर्गेझे कलादालनाला द्या किंवा ऑस्तिया आंतिकाला. बोर्गेझेत आगाऊ वेळ घेतल्याशिवाय प्रवेश नाही आणि दोन तास झाले की बाहेर यावे लागते, पण बर्निनीचे अपोलो आणि दाफ्नेचे शिल्प तिथेच आहे. तिच्या बोटांची पाने होताना दिसतात, संगमरवरात. ऑस्तिया हे प्राचीन रोमचे बंदर. पिरामिदे मेट्रो स्थानकाजवळून तिथे अर्ध्या तासात लोकल जाते आणि शहरातले साधे दीड युरोचे तिकीट चालते. दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात.

मे महिना तुम्ही चांगला निवडला आहे. दुपारी २३-२४ अंश, म्हणजे नागपूरच्या जानेवारीपेक्षाही थंड. संध्याकाळसाठी प्रत्येकाचा एक पातळ स्वेटर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या थोडा वर जातो. आपल्याला तो आकडा किरकोळ वाटतो, पण तिथे दिवसभर उन्हात दगडांवरून चालायचे असते आणि फोरममध्ये सावली जवळजवळ नाहीच. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी छत्री घ्यावी, नोव्हेंबर तिथला पावसाळी महिना.

प्रश्न (खामला): व्हिसासाठी मुंबईला जावेच लागते का? किती आधी अर्ज करावा आणि अर्ज कशामुळे नाकारला जातो? मी शाळेत शिक्षिका आहे, यजमानांचे दुकान आहे.

उत्तर: इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा, लागतो. महाराष्ट्र इटलीच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. बोटांचे ठसे द्यायला पहिल्या वेळी प्रत्येकाला स्वतः हजर राहावे लागते. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. अर्ज कोणत्या केंद्रात स्वीकारतात ते दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून मगच रेल्वेचे आरक्षण करा. मुंबईच निघाली तर दुरांतो किंवा विदर्भने रात्री निघून सकाळी पोहोचता येते. मात्र भेटीची वेळ सकाळी आठ-नऊची घेऊ नका, गाडीला उशीर झाला तर ती वेळ हातची जाते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण नियमाप्रमाणे ते ४५ दिवसही घेऊ शकतात. उन्हाळ्याच्या सुटीसाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून मेच्या प्रवासाचा अर्ज फेब्रुवारीत द्या. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, शिवाय केंद्राचे सेवाशुल्क. १ युरो म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास धरून हिशेब करा. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पाने कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा घ्या. नागपूरहून निघण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंतचा प्रत्येक दिवस त्यात आला पाहिजे. परतीचे विमान मध्यरात्रीनंतरचे असले की लोक तारीख मोजताना चुकतात आणि विमा एक दिवस कमी पडतो.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा मोठ्या कारणाने नाही, कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. हॉटेलचे बुकिंग आठ रात्रींचे, विमान दहा दिवसांचे, पत्रात लिहिलेले नऊ दिवस, असे झाले की अधिकारी थांबतो. दुसरी चूक खात्याची. अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून किंवा सासऱ्यांकडून चार लाख रुपये खात्यात घेतले जातात. विवरणपत्रात ती रक्कम एकदम उठून दिसते आणि ती कुठून आली याचे उत्तर कागदांत नसते. साधी, नियमित शिल्लक याहून बरी. रक्कम खरीच भेट म्हणून मिळालेली असेल तर देणाऱ्याचे पत्र आणि त्याचे बँक विवरण जोडा.

तुमच्यासाठी मुख्याध्यापकांचे रजा मंजुरीचे पत्र हवे, त्यात रुजू होण्याची तारीख असावी. यजमानांसाठी दुकानाचा परवाना किंवा जीएसटी नोंदणी, आणि दोघांचीही आयकर विवरणपत्रे. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे, हा घोळ आपल्याकडे फार आढळतो. तो अर्जाच्या दिवशी सुटत नाही, चार महिने आधी सोडवावा लागतो.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे विमान तिकीट घेऊ नका. आरक्षण पुरते. नागपूरहून दोहामार्गे गेलात तर मुंबई-दिल्लीचा फेरा वाचतो, आणि एकाच तिकिटावर विमानतळाबाहेर न पडता पुढे जाणार असाल तर दोह्याचा वेगळा व्हिसा लागत नाही.

प्रश्न (धरमपेठ): कोलोसियम आणि व्हॅटिकनची तिकिटे संकेतस्थळावर कधीच शिल्लक दिसत नाहीत. दुसरीकडे तीच तिप्पट भावाने आहेत. काय करावे?

उत्तर: तिकिटे कधी खुली होतात हे कळले की निम्मे काम झाले. कोलोसियमची तिकिटे भेटीच्या ३० दिवस आधी अधिकृत संकेतस्थळावर येतात. व्हॅटिकन संग्रहालयाची ६० दिवस आधी. म्हणून क्रम असा ठेवा: व्हिसा, मग व्हॅटिकन, मग कोलोसियम, आणि या दोन वेळांभोवती बाकीचे दिवस बसवा. आधी सगळा कार्यक्रम ठरवून शेवटी तिकिटे शोधणारा माणूसच तिप्पट पैसे देतो. भारत रोमच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो, तो फरक धरून गजर लावा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात.

कोलोसियमचे साधे तिकीट १८ युरोचे. त्यात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते आणि ते २४ तास चालते. १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट आहे, पण त्यांचेही शून्य रकमेचे तिकीट त्याच वेळेचे काढावे लागते. तिकीट नावाने असते. पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच टाका, वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्येच घालू किंवा गाळू नका. त्या दिवशी मूळ पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पिशवीत जवळ ठेवा. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायची सोयही नाही.

आत शिरण्याआधी उत्तरेकडच्या, उंच राहिलेल्या भिंतीखाली पाच मिनिटे उभे राहा आणि कमानींच्या माथ्यावर बघा. दगडात कोरलेले रोमन आकडे दिसतील, २३ पासून ५४ पर्यंतचे अजून शाबूत आहेत. हे प्रवेशद्वारांचे क्रमांक. एकूण ८० दारे होती, त्यांतील ७६ ना क्रमांक होते. इ. स. ८० मध्ये टायटस बादशहाने हे प्रेक्षागार खुले केले तेव्हा येणारा प्रेक्षक आपला क्रमांक बघून त्याच कमानीतून आत जात असे. आज आपण वेळ ठरवलेले तिकीट घेऊन जातो, तीच शिस्त. हे आकडे बघितल्यावर आतले जिने आणि बोळ का तसे आहेत ते कळते.

व्हॅटिकनमध्ये सर्वाधिक लोक जागेच्या बाबतीत चुकतात. संग्रहालयाचे दार आणि सेंट पीटर्सचा चौक या दोन वेगळ्या बाजू आहेत, मधल्या तटाला वळसा घालायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सकाळी नऊची वेळ असलेले कुटुंब पावणेनऊला चौकात उभे असेल तर ते उशिरा पोहोचणार हे नक्की. मेट्रोच्या ए मार्गावर ओत्ताव्हियानो स्थानकावर उतरून थेट संग्रहालयाकडे जा. तिकीट २० युरो, ऑनलाइन वेळ घेण्याचे ५. रविवारी संग्रहालय बंद असते. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण त्या दिवशीच्या रांगेत अर्धा दिवस जातो, पहिल्या भेटीसाठी तो टाळाच. बुधवारी सकाळी पोपचे जाहीर दर्शन असेल तर सेंट पीटर्सचे चर्च तेवढा वेळ बंद राहते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. संग्रहालयातल्या सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहात फोटोला बंदी आहे, त्यामुळे मोबाइल खिशात जातो आणि मान वर होते. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवले.

प्रश्न (महाल): आईचे वय ६८, गुडघे दुखतात. शिवाय आम्ही शाकाहारी. जमेल का? सोबत संत्रा बर्फी आणि फराळ नेता येईल का?

उत्तर: जमेल, पण हॉटेल निवडताना आईचा विचार आधी करा. प्राती हा व्हॅटिकनजवळचा भाग सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, मेट्रो जवळ आहे. मोंती सुंदर, पण चढ-उताराचा. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते किंवा दोन माणसांची असते, म्हणून बुकिंगआधी विचारून घ्या. जुन्या भागातले रस्ते सांपिएत्रिनी नावाच्या काळ्या चौकोनी दगडांचे आहेत आणि त्यांच्या फटींत पाऊल मुरडते. नवे बूट तिथे जाऊन घालू नका. महिनाभर आधी अंबाझरीला रोज फिरताना वापरून मऊ करा. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. फोरमची जमीन मात्र ओबडधोबड आहे, आईंनी तो भाग वरच्या कठड्यावरून बघितला तरी चालेल. व्हॅटिकन संग्रहालयात ओळखपत्र ठेवून चाकाची खुर्ची फुकट मिळते.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर नाझोनी म्हणतात ते लोखंडी खांबासारखे नळ आहेत, शहरात सुमारे अडीच हजार. पाणी पिण्याचे आणि थंड. वाकलेल्या नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असते. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी त्या भोकातून वर उडते आणि न वाकता पिता येते. गुडघ्यांसाठी ही सोय मोठी आहे.

जेवणात खरी अडचण चीजची. पार्मेझानमध्ये वासराच्या आणि पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराच्या पोटातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते. कडक शाकाहारी असाल तर पिझ्झा मारिनारा मागा, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते, चीज नसते. पास्ता आराब्याता तिखट असतो, मागताना ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, एवढे जोडा. चिकोरिया रिपासाता ही लसूण-मिरचीवर परतलेली पालेभाजी आईंना आपली वाटेल. सुप्ली नावाचे भाताचे वडे दिसायला निरुपद्रवी असतात, पण पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो. भाजीच्या सुपातही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारूनच घ्या. डाळ-तांदूळ, मसाले लागले तर तेर्मिनी स्थानकाजवळच्या एस्क्विलिनो बाजारात मिळतात.

संत्रा बर्फी खव्याची असते, म्हणून नेता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात पेढे, तूप, पनीर सगळे आले. संत्रीही घरीच ठेवा, ताज्या फळांना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या फळांना. ताजा कढीपत्ताही चालत नाही. पोह्यांचा चिवडा, तेलातली शंकरपाळी, भाजणी खुशाल न्या, पाकिटावर काय आहे ते इंग्रजीत लिहा.

प्रश्न (सदर): विमानतळावरून शहरात कसे जावे? पैसे रोख न्यावेत की कार्ड? खिसेकापूंबद्दल फार ऐकतो.

उत्तर: फ्यूमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत नेते, १४ युरो. चौघे असाल तर पांढरी अधिकृत टॅक्सी परवडते. जुन्या ऑरेलियन तटाच्या आत ठरलेले भाडे ५५ युरो आहे. प्राती त्या तटाबाहेर आहे, म्हणून बसण्याआधी भाडे विचारा. मेट्रो-बसचे तिकीट दीड युरो, १०० मिनिटे चालते, मेट्रोचा प्रवास मात्र एकदाच. कागदी तिकीट बसमधल्या यंत्रात छापून घेतले नाही तर तिकीट असूनही दंड होतो. कार्ड टेकवून जाणार असाल तर प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे.

दोन कार्डे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करा. दुकानातले यंत्र रुपयांत की युरोत विचारते तेव्हा युरोच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. दीडशे-दोनशे युरो रोख पुरतात. हॉटेलात शहर कर वेगळा द्यावा लागतो, तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो, आणि तो अनेकदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथे बसतो, तीन पिनांसाठी ॲडॅप्टर न्या.

खिसेकापू मेट्रोच्या ए मार्गावर आणि तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये जास्त. चोरी दार बंद होण्याच्या क्षणी होते: हात तुमच्या बॅगेत, आणि चोर फलाटावर. म्हणून दारापाशी उभे राहू नका, बॅग पोटावर घ्या, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका. कोणी हातात गुलाब किंवा दोरा देऊ लागले तर हात मागे घ्या. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग व्हिया व्हेंती सेत्तेंब्रेवरच्या भारतीय दूतावासात जा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स प्रती आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असले तर परतीचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळायला वेळ कमी लागतो. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.