नव्याने बिअर चाखणाऱ्यास

पुण्याला किंवा बंगळूरूला गेलात, तर ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात अशा पबमध्ये) बसल्याबरोबर मोठा ग्लास न मागवता छोट्या पेल्यांत चार-पाच प्रकार मागवावेत आणि गव्हाच्या फिकट बिअरपासून सुरुवात करून आयपीए ही भरपूर हॉप्सची कडवट बिअर शेवटी घ्यावी, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा एकदा जिभेवर बसला की हेफेवायझन या गव्हाच्या बिअरमधला यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा गंध हाती लागत नाही. याच कारणाने आपली इंदूरची लवंगेची शेवही चाखून होईपर्यंत दूर ठेवावी. इंदूरकराला हे जड जाते, याची कल्पना आहे. घरी बाटली उभी आणि अंधारात ठेवावी, कारण पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरला की बिअरला उग्र दर्प येतो. स्टाउट ही गडद काळी बिअर फ्रीजमधून काढल्यावर 10-15 मिनिटे थांबावे. फार गार असताना तिच्यातली कॉफीसारखी चव नीट कळत नाही.