कॅमेरा म्हणतो तो मीच!

प्रश्न : मी पुण्यात कुरिअर पोचवतो. मोबाइलचोरीच्या फुटेजमधल्या माणसाशी माझा चेहरा जुळतो म्हणून पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस दिलीय. चेहऱ्याचे फोटोही मागतायत. त्या संध्याकाळी मी भलतीकडेच होतो. जाऊ का?

उत्तर : जा, आणि वकिलाला सोबत घ्या. नोटीस पाळणाऱ्याला कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेला नाहीत तर हे संरक्षण हातचं जाईल.

त्याआधी आजच्या आज एक काम करा. त्या संध्याकाळी जिथे पार्सलं दिलीत, त्या सोसायट्यांना आणि दुकानांना सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जुनं फुटेज बऱ्याच ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं. अ‍ॅपमधल्या डिलिव्हरीच्या नोंदी काढा. हे सगळं तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांनी दाद दिली नाही, तर याच संहितेच्या कलम ९४ खाली ते मागवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

आता संगणकाने केलेल्या चेहऱ्याच्या जुळणीचं. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं, की ८० टक्क्यांवरची जुळणी ते ‘पॉझिटिव्ह’ धरतात. हा आकडा दोन चित्रांमधल्या साम्याचा असतो, तो माणूस तुम्हीच असल्याच्या खात्रीचा नव्हे. तपासाला दिशा मिळते एवढंच. तुमचा कुठला जुना फोटो वापरला, किती टक्के जुळला, हे वकिलामार्फत लेखी विचारा.

फोटोंबाबत : २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना हा अधिकार मुख्यतः अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या व्यक्तींबाबत दिलाय. तुम्हाला अटक झालेली नाही. तेव्हा मॅजिस्ट्रेटचा आदेश दाखवा, असं नम्रपणे म्हणा. आदेश आला तर मात्र नकार देऊ नका, तो गुन्हा ठरतो. या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात, म्हणून मी इतकं बजावतोय.

पोलिसांनी चेहरा ओळखण्याचं हे तंत्र कधी, कुणावर वापरावं, याचा स्वतंत्र कायदा देशात नाही, याची मला मनापासून चीड येते. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच सांगितलंय. हैदराबादेत रस्त्यात अडवून फोटो काढलेल्या एका कार्यकर्त्याने याच मुद्द्यावर तेलंगणा उच्च न्यायालयात धाव घेतली.

ठाण्यात नोटिशीच्या पोचेवर सही करा, जबाबावर नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ प्रमाणे तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. अटकेची चिन्हं दिसली तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच करा.