परदेशी शिष्यवृत्तीसाठी मुलं अर्ज का करतात?

तुम्ही विचारलंय, मुलं परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतात ते फक्त खर्च वाचावा म्हणून, की आणखी काही कारण असतं? मी बडोद्यात कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं लिहिते. त्या अनुभवावरून सांगते.

पैसा हे कारण आहेच, आणि त्यात काही कमीपणा नाही. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात ७.५ लाखांच्या वर गेलात की तारण मागतात. इथल्या मराठी घरांचं घोडं तिथेच अडतं. दांडिया बाजार, रावपुरा भागातलं जुनं घर अजून आजोबांच्याच नावावर, वारस चौघं, त्यातले दोघं पुण्याला. सगळ्यांच्या सह्या कधी मिळायच्या आणि मुलगी कधी जायची? अशा घरात शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं होतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. कर्ज काढून जाते म्हटलं की घरात लग्नाचा विषय निघतो. तीच मुलगी शिष्यवृत्तीवर निघाली की वडील चार नातेवाइकांना आपणहून फोन करतात. बाहेरच्या कुणीतरी तिला पारखून निवडलेलं असतं आणि घरचा विरोध त्यानेच विरघळतो. हे कारण अर्जात कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते फार मोठं आहे.

तरीही सारखीच गरज, सारखेच गुण असलेल्या दोघींपैकी एकच अर्ज करते. का? तिला कुणीतरी ‘तू भर, तुला मिळेल’ असं सांगितलेलं असतं. एखादी सीनियर, एखादे सर. परदेशी प्रवेश करून देणारे एजंट हे सहसा सांगत नाहीत. त्यातल्या अनेकांना विद्यापीठाकडून फीवर कमिशन मिळतं, मग ते शिष्यवृत्तीचा विषय कशाला काढतील?

बडोद्यात राहून बाबासाहेबांचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला ३ वर्षांसाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती परतल्यावर संस्थानात १० वर्षं नोकरीची. पण त्याआधी मुंबईत बी.ए. करताना त्यांना दरमहा २५ रुपये मिळाले, ते लेखक आणि शिक्षक असलेल्या केळुसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला म्हणून. एवढ्या बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही पाठीशी उभं राहणारं माणूस लागलं. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला ते का लागू नये?

तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल तर आपलं कारण आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण कुठे अर्ज करायचा ते त्यावर ठरतं. तिकडेच स्थायिक व्हायचं असेल तर ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती तुमच्यासाठी नाही: शिक्षण संपल्यावर २ वर्षं मायदेशी राहावं लागतं, शिवाय आधी २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. नुकतेच पदवीधर झाला असाल आणि दोन देशांत शिकायची तयारी असेल तर युरोपियन युनियनची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती बघा. जे. एन. टाटा एंडोमेंट हा टाटांचा निधी १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करतोय, पण मूळ रक्कम कर्जाऊ असते, परत फेडावी लागते. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. हिची माहिती तर ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. शिफारसपत्र ज्यांच्याकडून हवंय त्यांना जुलैतच भेटा, आणि आपण का जातोय हे कागदावर लिहून सोबत न्या. तसं नेलंत तर पत्रात तुमच्याविषयी खरं काही लिहिता येतं.