असाइनमेंटच्या शेवटची संदर्भसूची नेमकी कशी मांडावी?

वापरलेली सर्व पुस्तके, लेख आणि संकेतस्थळे शेवटी लिहूनही ‘संदर्भसूची शैलीनुसार नाही’ असा शेरा वारंवार का येतो आणि ती बिनचूक कशी करावी, असे आपण विचारले आहे. विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना माझे मत असे झाले आहे, की स्वल्पविराम आणि पूर्णविरामांचे नियम पाठ करण्याआधी सूची कशासाठी असते हे ध्यानात घ्यावे. मजकुरात आपण एक खूण ठेवतो आणि त्या खुणेवरून वाचकाला मूळ लेखापर्यंत पोहोचता यावे, एवढेच सूचीचे काम असते. त्यामुळे मजकुरातली खूण जशी, तशी सूचीतल्या नोंदीची रचना असते.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा लेख उदाहरण म्हणून घेऊ. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत मजकुरात ‘(वॉटसन आणि क्रिक, १९५३)’ अशी खूण येते. वाचक शेवटच्या पानावर आडनाव आणि वर्षच शोधणार असल्याने नोंदीत आधी आडनाव, मग आद्याक्षरे आणि लगेच कंसात वर्ष येते. त्यानंतर लेखाचे शीर्षक, ‘नेचर’ हे नियतकालिकाचे नाव, खंड १७१, कंसात अंक ४३५६ आणि पृष्ठे ७३७–७३८. नियतकालिकाचे नाव आणि खंडाचा आकडा इटॅलिक, म्हणजे तिरप्या ठशात असतो, मात्र अंक आणि त्याचा कंस साध्या ठशातच राहतो. या एका बारकाव्यावर निम्मे विद्यार्थी अडखळतात. वैद्यकशास्त्रात रूढ असलेल्या व्हँकूव्हर शैलीत मजकुरात केवळ क्रमांक असतो, म्हणून तिथे वर्षाला पुढे येण्याचे कारण उरत नाही आणि ते नियतकालिकाच्या नावानंतर जाते. पृष्ठेही ‘७३७-८’ अशी आखडून लिहितात. एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीत खुणेत आडनाव आणि पृष्ठक्रमांक असतो, त्यामुळे तिथेही वर्ष नोंदीच्या उत्तरार्धात येते. सूचीचा क्रमही याच न्यायाने ठरतो: एपीए आणि एमएलएमध्ये आडनावांनुसार अकारविल्हे, तर व्हँकूव्हरमध्ये मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने आले त्या क्रमाने.

शैली कोणती, हे आपण ठरवायचे नसते. विभागाच्या सूचनापत्रात ते दिलेले असते, आणि नसेल तर शिक्षकांना विचारावे. आवृत्तीही पाहावी. एपीएच्या सातव्या आवृत्तीपासून पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचे शहर लिहीत नाहीत, पण जुने नमुने पाहून ते अजूनही सर्रास लिहिले जाते. ‘हार्वर्ड’ शैली सांगितली असेल तर अधिक जपावे, कारण तिची एकच अधिकृत नियमपुस्तिका नाही आणि प्रत्येक संस्था तिचे आपापले रूप चालवते.

संदर्भ सांभाळणारे झोटेरोसारखे सॉफ्टवेअर अवश्य वापरावे, पण त्याने दिलेली सूची डोळे झाकून चिकटवू नये. सॉफ्टवेअर नोंदीची रचना करते. आत भरलेली माहिती चुकीची असेल, तर चूक सुबक मांडणीत बाहेर येते. जागतिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नाव व्यक्तीच्या रकान्यात पडले, की सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे एक गृहस्थ अवतरतात! झोटेरोत अशा वेळी लेखकाचा रकाना एकेरी करून संस्थेचे पूर्ण नाव एकसंध भरावे. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक असेल तर तो पूर्ण दुव्याच्या रूपात द्यावा आणि एकदा उघडून पाहावा.

लेखकाचे नाव नसलेल्या संकेतस्थळावरील पानाची नोंद एपीएत शीर्षकापासून सुरू होते. तारीख नसेल तर वर्षाच्या जागी ‘एन. डी.’ (नो डेट) लिहितात. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन लेखने असतील, तर वर्षाला ‘ए’ आणि ‘बी’ ही इंग्रजी अक्षरे जोडावीत, मजकुरातही आणि सूचीतही. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेला लेख आपण स्वतः वाचला नसेल, तर सूचीत हातात असलेले पुस्तकच यावे आणि मूळ लेखाचा उल्लेख मजकुरापुरता राहावा.

नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत घेण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये. परिच्छेदाच्या सेटिंगमधले ‘हँगिंग’ निवडले की काम होते. सादर करण्यापूर्वी सूचीची छापील प्रत घ्यावी, मजकूर पहिल्या पानापासून वाचत जावा आणि प्रत्येक खुणेसरशी सूचीतल्या नोंदीवर पेन्सिलीने टिकमार्क करावा. ज्या नोंदीवर टिकमार्क झाला नाही ती एपीएत सूचीतून काढावी लागते, कारण नुसत्या वाचलेल्या साहित्याला तिथे जागा नाही. आणि ज्या खुणेला नोंद सापडली नाही, तिचा मूळ स्रोत त्याच दिवशी शोधून काढावा.