वडील पाय कापून घ्यायला नकार देतात, त्यांना विस्मरणही आहे. मुलांनी सही केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ८१ वर्षांचे, मधुमेहामुळे पायाला गँग्रीन, विस्मरणाच्या चाचणीत मार्क कमी, आणि सर्जन म्हणतात, 'मुलांनी सही करा.' मी फिजिशियन आहे, माझे बहुतेक पेशंट याच वयाचे.

एवढ्यावरून सही करू नका. चाचणीतलं 'शंभरातून सात वजा करत जा' हे जमलं नाही म्हणून पायाबद्दल ठरवता येत नाही, असं होत नाही. वडील 'हो' म्हणाले असते तर कुणी चाचणी मागितली असती का?

सकाळी, ताप उतरलेला असताना, कानाचं मशीन आणि चष्मा लावून, राउंडची गर्दी गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलावं. तुम्हीही बाहेर थांबा. 'पायाला काय झालंय, कापला तर काय, नाही कापला तर काय, तुमच्या शब्दांत सांगा.' 'विष अंगात चढेल, मरेन, पण पाय द्यायचा नाही' असं ते म्हणाले आणि दोन-तीनदा विचारूनही तेच म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. काळी पडलेली बोटं समोर दिसत असताना 'पायाला काही झालेलं नाही' म्हणत असतील तर मात्र त्यांना परिस्थिती उमगलेली नाही. जंतुसंसर्गाने किंवा सोडियम उतरल्यानेही म्हातारी माणसं भ्रमात जातात; ते आधी तपासून घ्या, सावरल्यावर पुन्हा विचारा. मन खचलंय का, हेही बघायला हवं.

१९९३ साली इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर मनोरुग्णालयातल्या ६८ वर्षांच्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने गँग्रीन झालेला पाय कापू दिला नाही. आपण मोठे डॉक्टर आहोत, असा त्याचा भ्रम होता. तरी पायाबद्दलचं त्याला कळतं, असं म्हणत कोर्टाने त्याचा नकार मान्य केला. तो जगलाही, अर्थात तुमच्याकडे तसंच होईल असं धरून चालू नका. आपल्याकडे समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान, सक्षम रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही.

समज खरोखरच नसेल तर तसं केसपेपरवर लिहून घ्या, शक्यतो दुसऱ्या डॉक्टरांकडूनही. मग वडील धडधाकट असते तर काय म्हणाले असते, यावर भावंडांनी बसून ठरवा.

त्यांचा नकार फक्त कापायला आहे. इन्सुलिन, अँटिबायोटिक, ड्रेसिंग, दुखण्याची औषधं चालूच राहू द्या. आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला आजच विचारा, रक्तपुरवठा सुधारून नुसत्या बोटांवर भागेल का. गुडघ्याखालून पाय द्यायला तयार नसलेले बरेच जण बोटांना तयार होतात.